आडवी बसलेली कणी

तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या पुस्तकात उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती पातीबाई होती. रुग्णालयाच्या तळमजल्यावर एका लांबट खोलीत ती पंचविशीपासून बसत आली होती. ऑपरेशनच्या खोल्यांतून, नळी घालून पोट तपासणाऱ्या डॉक्टरांकडून तिथं बाटल्या यायच्या. प्रत्येक बाटलीत माणसाच्या शरीरातून काढलेला एखादा तुकडा. तो तुकडा वितळलेल्या मेणात बसवायचा, मेण गोठलं की तो ठोकळा यंत्राला लावायचा आणि हाताने चाक फिरवत पोलादी पातीवर त्याचे काप काढायचे. काप इतके पातळ, की कोमट पाण्यावर सोडल्यावर ते आहेत की नाहीत हे कळायला मान वाकडी करून बघावं लागे. मग ते काचेवर उचलायचे, गुलाबी-जांभळे रंगवायचे आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली पाठवायचे. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्यातही तिची ख्याती होती ती आतड्याच्या तुकड्यांसाठी. लहान आतड्याच्या अस्तरातून काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो. त्याच्या एका अंगाला मखमलीसारखी लव असते, नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळेल अशी. डॉक्टरांना त्या लवेची उंची बघायची असते, म्हणून कणी मेणात कडेवर उभी बसवावी लागते. मग पाती वरपासून खालपर्यंत सरळ जाते आणि लवेचं एकेक बोट उभं दिसतं. कणी आडवी पडली तर पाती ती बोटं मुळाशी छाटते. काचेवर नुसत्या गोल चकत्या उरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, इथं लव नव्हतीच. गरम चिमट्याने कणी साच्यात टेकवली, की मेण धरेपर्यंत चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात पातीबाई कणी उभी करायची, आणि तीही भिंगाशिवाय.

भिंग वापरायचा तो तिच्या शेजारचा टेक्निशियन. तिच्याहून चार वर्षांनी लहान, अंगाने भरलेला, स्वभावाने थंड. प्रत्येक तुकडा तो दिव्याच्या भिंगाखाली धरून दोनदा उलटसुलट करायचा. तिने त्याचं नाव भिंगोबा ठेवलं होतं आणि ते विभागभर चिकटलं होतं.

"भिंगोबा, सापडली का कणी, का शोधायला माणसं पाठवू?"

"सापडली हो बाई. तुमच्यासारखे डोळे आम्हाला कुठले."

तो हे मनापासून म्हणायचा. म्हणून तिला ते अधिकच गोड लागायचं.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. आधी सुईत दोरा जाईना. मग बाटलीवरचा आकडा वाचायला बाटली हातभर लांब धरावी लागू लागली. चष्मा लावला असता तर काम भागलं असतं, पण चष्मा लावून बसलेल्या पातीबाईला लोक काय म्हणतील, हे तिला पुरतं ठाऊक होतं, कारण तसं म्हणणारी इतकी वर्षं तीच होती.

दरवर्षी कर्मचाऱ्यांची डोळ्यांची तपासणी व्हायची. जवळचं दिसण्यासाठी हातात एक पुठ्ठा देत, त्यावर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. त्या वर्षी ती रांगेत मुद्दाम मागे राहिली. पुढच्या बायका एकेक करून वाचत होत्या आणि ती ऐकत होती. पाठांतर तिचं शाळेपासून चांगलं. तिची पाळी आली तोवर शेवटची ओळसुद्धा तोंडपाठ झाली होती. तिने पुठ्ठा योग्य अंतरावर धरला, मध्ये एकदा अडखळल्यासारखं केलं आणि सगळं वाचून दाखवलं.

"बाई, डोळे आहेत का काय," तपासणारी नर्स म्हणाली. "वीस वर्षांच्या पोरींना ही ओळ येत नाही."

पातीबाई हसली. त्या हसण्याची आठवण पुढे कितीतरी वेळा तिच्या अंगावर काटा आणणार होती. त्या दिवशी मात्र ती खुशीत जिना उतरली. डोळे मंदावले तर मंदावले, आपला हात जाणतो, अशी तिने मनाची समजूत घातली. बरेचदा हात खरंच जाणायचा.

त्यानंतर तीन महिन्यांनी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी रुग्णालयात आली. पोर नऊ वर्षांची. चार महिने पोट बिघडलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. धाकटी घरी शाळांचे गणवेश शिवायची. तिने शिवलेला पोरीचा स्वतःचा गणवेश पोरीच्या अंगावर हँगरला टांगल्यासारखा दिसत होता. गव्हाने बिघडणारं आतड्याचं दुखणं असेल, असा पोटाच्या डॉक्टरांना संशय होता. रक्ताची तपासणी धड होही म्हणेना, धड नाहीही म्हणेना. म्हणून त्यांनी नळी घालून अस्तराच्या दोन कण्या काढल्या आणि बाटली तळमजल्यावर पाठवली.

बाटलीवरचं नाव भिंगोबाने वाचलं. "बाई, तुमच्या भाचीचं आहे ना हे? नात्यातलं काम आहे, हात कापेल. मी बसवू?"

"तुझ्या भिंगाखाली पोरीचं आतडं नको. संध्याकाळ होईल."

तो हसला आणि बाजूला झाला. तिने कण्या ठेवलेली जाळीची डबी उघडली. दोन फिकट कण्या. लव कुठल्या अंगाला आहे हे तिला दिसलं नाही. दिसलं नाही हे तिला कळलं, अगदी स्वच्छ कळलं, आणि भिंग तिच्यापासून दोन हातांवर होतं. भिंगोबा तिच्याकडे बघत नव्हता, पण बघेल असं तिला वाटलं. तिने अंदाजाने एक कणी टेकवली, तिच्या शेजारी दुसरी. मेण धरलं.

वर काचा बघणारे मोठे डॉक्टर त्या वेळी निवृत्तीला आले होते. त्यांनी काच बघितली. लव सपाट दिसली, अस्तरात काळ्या ठिपक्यांची गर्दी दिसली. काप आडवा असेल, अशी शंका त्यांना दुसऱ्या कोणाच्या कामात आली असती आणि त्यांनी ठोकळा पुन्हा बसवायला खाली पाठवला असता. पण नोंदवहीत पातीबाईची सही होती. त्यांनी अहवालात लिहून टाकलं: लव पूर्ण सपाट.

गहू बंद झाला. दोन-तीन महिन्यांत पोर भरू लागली. बरं व्हायचंच होतं, कसलातरी जंतुसंसर्ग होता तो सरला, पण हे कोणाला कळणार? सगळ्यांना वाटलं, गुण आला तो गहू बंद केल्याचा. आणि त्या गुणाची राखण करायचं काम पातीबाईने स्वतःकडे घेतलं.

बहिणीच्या स्वयंपाकघरात तिने सगळी भांडी वेगळी करायला लावली. डबे हुंगून बघितले. "आतड्यात फौज असते," ती नातेवाइकांना हात हलवून सांगायची. "हिच्या फौजेला गहू दिसला की ती चवताळते. एक कण पुरतो." कोणी विचारलं, की फौज म्हणजे काय, तर ती म्हणायची, "मी रोज बघते ना." बघत ती कधीच नव्हती. ती कापायची, बघायचे डॉक्टर. धाकटीला तर तिने तोंडावर सुनावलं होतं, "चार महिने पोर झिजत होती आणि तू काजं-बटणं करत बसलीस. वेळेवर आणली असतीस तर?" धाकटीने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. ताईपुढे बोलायची तिला सवय नव्हती.

आणि ते बिस्किटाचं. पोर दहा वर्षांची असताना शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला सगळे जमले होते. पातीबाई उशिरा पोचली. दारातूनच तिला दिसलं, भाची कोपऱ्यात उभी आहे आणि गाल हलतो आहे. ती सरळ मुलांमधून वाट काढत गेली, पोरीच्या हातातलं अर्धं बिस्कीट हिसकावलं, तिची हनुवटी धरली आणि तोंडात बोट घालून चावलेला लगदा बाहेर काढला. वीस मुलं बघत होती. कोणीतरी खिदळलं. पोर रडली नाही. तिने फक्त आपले ओठ फ्रॉकच्या बाहीला पुसले.

"तुझ्या बऱ्यासाठी," पातीबाई म्हणाली होती.

काच वर गेली त्याला पाच महिने झाल्यावर पातीबाईने चष्मा केला. वर्तमानपत्र वाचायला, असं तिने सगळ्यांना सांगितलं. पुढे हळूहळू तो कामातही आला. भिंगोबा एकदाच म्हणाला, "शोभतो हो." एवढंच. विषय संपला, तिला वाटलं.

दहा वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, वरून एक चिठ्ठी आली. जुनी काच आणि ठोकळा काढून पाठवा. खाली क्रमांक आणि भाचीचं नाव. पातीबाईने क्रमांक वाचला आणि ती स्टुलावर बसली.

भाचीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात सगळ्यांचं जेवण एकत्र; वेगळं हवं तर दुखण्याचं पत्र लागणार होतं. नवे पोटाचे डॉक्टर शिस्तीचे. पत्र देण्याआधी जुनी काच बघतो, म्हणाले होते. धाकटीने आदल्याच आठवड्यात फोन केला होता, "ताई, तुझ्याच खोलीत असेल ते. लवकर होईल असं बघ ना." आणि पातीबाईने हो म्हटलं होतं, कारण तोवर तिला कसलीच शंका नव्हती. त्या सकाळचा अंदाज ती विसरली होती; निदान विसरल्यासारखी जगत होती. क्रमांकाबरोबर तो दिवस परत आला. फिकट कण्या, दोन हातांवरचं भिंग.

मोठ्या डॉक्टरांच्या जागी आता एक मॅडम होत्या. वयाने तिची मुलगी शोभतील अशा, पण कामात पक्क्या. त्यांच्या टेबलावर दोघांनी एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"पातीबाई, बघा जरा. हा तुकडा आडवा बसलाय हो. हे गोल गोल दिसतंय ना, ही लवेची मुळं आहेत. यावरून लव सपाट आहे असं कसं म्हणायचं? कोणी बसवला होता?"

"नोंदवही बघावी लागेल," पातीबाई म्हणाली.

नोंदवही बघायची काही गरज नव्हती. खोटं तोंडातून सुटलं तेव्हा तिचे कान गरम झाले. मॅडमना ते दिसलं नाही. त्या काच सरकवत होत्या. "असू दे. मेण वितळवा आणि पाव वळसा फिरवून पुन्हा बसवा. दहा वर्षांचं मेण आहे, पण तुकडा शाबूत असणार."

तिने ठोकळा वितळवला. चष्मा लावला. मग उठून भिंगोबाच्या टेबलावर गेली आणि न बोलता त्याचा भिंगाचा दिवा आपल्याकडे ओढला. त्याने बघितलं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं. भिंगाखाली लव दिसत होती. इतकी उघड दिसत होती, की लहान मुलालाही कणी कुठल्या अंगावर ठेवायची ते कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवी काच घेऊन ती स्वतः वर गेली. मॅडमनी काच ठेवली आणि लगेच म्हणाल्या, "या, बसा समोर."

पातीबाईने डोळा लावला. बोटंच बोटं. उंच, सडपातळ, एकमेकींना खेटून उभी.

"बघा, प्रत्येक बोटाच्या कडेने पेशींची एक ओळ आहे. एकच. आतड्याचं अस्तर म्हणजे एवढंच, एका पेशीच्या जाडीची भिंत. पलीकडे खाल्लेलं अन्न आणि मोजता येणार नाहीत इतके जंतू, अलीकडे आपण. म्हणून शरीरातल्या रक्षक पेशींचा मोठा भाग या भिंतीला चिकटून राहतो. हे काळे ठिपके दिसतात? ते रक्षकच. थेट भिंतीच्या पेशींमध्ये शिरून बसलेत. शंभर पेशींमागे वीस-पंचवीस ठिपके चालतात. इथं मी मोजले, पंधरा-सोळाच आहेत."

"मग जुन्या काचेत गर्दी दिसत होती ती?"

"आडव्या कापात भिंतीचे थर एकावर एक येतात. गर्दी वाटणारच."

पातीबाईने डोळा काढला नाही. "आणि हे रक्षक करतात काय दिवसभर?"

"बहुतेक वेळ काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तेच तर अवघड काम. अस्तरावर ठिकठिकाणी तपासनाक्यासारख्या गाठी असतात. गाठीवरच्या खास पेशी आतड्यातल्या मालाचा नमुना उचलून आत देतात. आत ओळख पटवली जाते: हे कोण, जेवण का जंतू, जंतू असला तर नेहमीचा का नवा. जेवण असेल तर सोडून द्यायचं, हे रक्षक लहानपणीच शिकतात. नेहमीच्या जंतूंनाही मारत बसत नाहीत. अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो, त्यात एक पदार्थ सोडतात. तो जंतूंना धरून ठेवतो, भिंतीला टेकू देत नाही, बस. ऊठसूट लढले असते तर आपण एक घास खाऊ शकलो नसतो."

"आणि गव्हाचं दुखणं?"

"तिथं ओळख चुकते. गव्हाच्या एका अंशाला शत्रू समजतात आणि त्याच्याशी लढताना आपलीच भिंत पाडतात. पण या मुलीत तसं काही नाही. हिचे रक्षक शहाण्यासारखे बसलेत. खात्रीसाठी तिने सहा आठवडे गहू खाऊन पुन्हा तपासून घ्यावं, असं मी लिहिते. पण मला विचाराल, तर हिला ते दुखणं नव्हतंच."

जिना उतरताना पातीबाईने कठडा घट्ट धरला होता. पोरीच्या आतड्यात कोणी चवताळलं नव्हतं. गव्हाला शत्रू ठरवणारं, दारात दबा धरून बसणारं, तोंडातला घास ओढून काढणारं आतड्याच्या बाहेरचं होतं; आणि लोकांना फौजेच्या गोष्टी सांगत होतं.

रविवारी दुपारी ती धाकटीकडे गेली. धाकटी गणवेशाच्या चळतीला इस्त्री करत होती. भाची जमिनीवर बॅग उघडून बसली होती. पोर आता एकोणीस वर्षांची, रुंद खांद्यांची, आईसारखी हळू बोलणारी.

"ताई, डॉक्टरांचा फोन आला होता," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "म्हणाले, नव्याने बघितलं तर दोष दिसत नाही. बरं झालं म्हणायचं ना हे? दहा वर्षं पाळलं त्याचं फळ मिळालं."

"माझं कसलं," भाची म्हणाली, "मावशीनं पाळायला लावलं. मी तर दर आठवड्याला सोडायला बघत होते. मावशी, तुला आठवतं, मी तुला पोलीस म्हणायचे? ते परत घेते मी. तू नसतीस तर बरी झाले नसते."

आणि ती उठून पातीबाईच्या गळ्यात पडली.

इथंच सगळं मिटलं असतं. दोघी आनंदात होत्या. डॉक्टरांच्या शब्दांचा अर्थ त्यांनी आपला आपण लावला होता, आणि तो लावताना पातीबाईने एक शब्दही खोटा बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. नऊ वर्षांच्या मुलीसारखं ते डोकं तिच्या खांद्यावर होतं. तिला वाटलं, राहू दे, निदान आजचा दिवस. मग लक्षात आलं, की त्या सकाळी कणी टेकवतानाही तिने मनाशी असंच म्हटलं होतं, निदान एवढी एक.

"बस," ती म्हणाली. "दोघी बसा. इस्त्री बंद कर आधी."

धाकटीने इस्त्री उभी केली. "काय झालं?"

"तू बरी झाली नाहीस. तुला ते दुखणं नव्हतंच. तो तुकडा मी बसवला होता, आडवा. आडवा बसला म्हणून सपाट दिसला. तो दहा वर्षांपूर्वीचाच तुकडा आता नीट बसवला, तर सगळं जिथल्या तिथं आहे. तेव्हाही होतं."

मग धाकटी म्हणाली, "चुकतं माणसाचं. मुद्दाम केलंस का तू?"

"चुकलं असतं तर वेगळं. मला दिसत नव्हतं. डोळे गेले होते आणि मी लपवलं. तपासणीचा तक्ता पाठ करून म्हणून दाखवला. त्या दिवशी कणी कुठून कशी आहे ते दिसलं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी बसवली."

भाची तिच्याकडे बघत होती. "भिंग असतं ना तुमच्याकडे? तो काका वापरतो ते."

"होतं."

"मग?"

"तो वापरायचा म्हणूनच नाही घेतलं. मी त्याला हसायचे."

"म्हणजे तो तुला हसेल म्हणून?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

यापेक्षा मोठं कारण सापडतं का, हे पातीबाईने तीन रात्री शोधलं होतं. सापडलं नव्हतं.

धाकटी उठली, स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि वेगळ्या ठेवलेल्या भांड्यांच्या फळीकडे बघत उभी राहिली. "मला म्हणालीस, पोरीला उशिरा आणलंस," ती पाठमोरीच म्हणाली. "दहा वर्षं मी तेच धरून बसले, ताई. रोज. माझ्यामुळे झालं म्हणून."

पातीबाईने मान खाली घातली. धाकटीसमोर मान खाली घालायची तिची ही पहिली वेळ.

भाची बॅगेतले कपडे उगाच पुन्हा घड्या करत होती. "मावशी, ते बिस्कीट," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून शाळेत मुलं तोंडात बोट घालून दाखवायची मला. वर्षभर. मला वाटायचं, मी चोरी केली होती." मग म्हणाली, "तू आता जा."

सोमवारी पातीबाई मॅडमसमोर उभी राहिली. नोंदवही बघायची गरज नव्हती, माझीच सही आहे, म्हणाली. मग तक्त्याचं सांगितलं, आणि डोळे अधू झाल्यापासून चष्मा येईपर्यंतचे महिने सांगितले. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"त्या महिन्यांतले आतड्याचे सगळे ठोकळे काढा," त्या म्हणाल्या. "आणि पातीबाई, ते तुम्ही नका बसवू."

तिच्या फायलीत ठपक्याचं पत्र लागलं. ठोकळे एक्केचाळीस निघाले. ते भिंगोबाने बसवले, दुपार दुपार, आपलं रोजचं काम सांभाळून, आणि ती शेजारी बसून नुसते आकडे वाचून दाखवत होती. आणखी तीन आडवे निघाले. त्यांतल्या दोघा रुग्णांच्या इलाजात त्याने काही फरक पडला नव्हता. तिसऱ्याला पुन्हा तपासायला या असं पत्र पाठवलं, ते पत्ता बदलला असा शेरा घेऊन परत आलं. ते पाकीट पातीबाईने टाकलं नाही. आपल्या खणात वरच ठेवलं, खण उघडला की दिसेल असं.

"बाई, तुम्ही मला भिंगोबा म्हणायचात ना," एक दिवस तो म्हणाला.

"हो. चुकलं माझं."

"नाही, तसं नाही. मला आवडायचं. वाटायचं, निदान कशासाठी तरी ओळखतात." त्याने साचा पुसून ठेवला. "पण त्या दिवशी तुम्ही म्हणाला असतात, जरा बघ रे, तर मी हसलो नसतो."

हे तिला फायलीतल्या पत्रापेक्षा जास्त लागलं.

भाचीने सहा आठवडे गहू खाल्ला. रोज दोन वेळा पाव, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे. हे पातीबाईला धाकटीकडून कळायचं. धाकटी फोन करायची, पण आधीसारखी बोलायची नाही. पोरीने काय खाल्लं ते सांगून ठेवून द्यायची. मग एका गुरुवारी बाटली आली. चार कण्या. पातीबाईने नाव वाचलं आणि बाटली उचलून शेजारच्या टेबलावर ठेवली.

"तू बसव. आणि मला भिंगातून बघू दे."

"नीट बघा," तो म्हणाला, आणि दिवा दोघांच्या मधे सरकवला. त्याने एकेक कणी दोनदा उलटसुलट केली. तिला पूर्वी ज्याचा वीट यायचा, तेच ती श्वास रोखून बघत होती. चारही कण्या कडेवर उभ्या राहिल्या. मेण धरलं.

लव उंच होती, ठिपके थोडे होते, रक्ताची तपासणीही या वेळी स्पष्टपणे 'नाही' म्हणाली. अहवाल मॅडमनी स्वतःच्या हाताने भाचीला दिला.

वसतिगृहात जायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, भाची मावशीच्या घरी आली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. आत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि समोर ठेवला. तसलीच बिस्किटं, वाढदिवसाला होती तसली, कडेला नक्षी असलेली.

"समोर बस," ती म्हणाली.

पातीबाई बसली. हात कुठे ठेवावे हे तिला कळेना. शेवटी तिने ते टेबलाखाली मांडीवर ठेवले आणि एकमेकांत अडकवून धरले.

भाचीने पुडा फाडला. एक बिस्कीट काढलं, अर्धं मोडलं, तोंडात घातलं. सावकाश चावत राहिली, मावशीकडे बघत. चावून झालं, गिळलं. मग उरलेलं अर्धं. एक कण टेबलावर पडला होता, तो तिने बोटाला चिकटवून उचलला आणि तोही खाल्ला. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. पातीबाईची नजर वर जात नव्हती, आणि खालीही ठेवता येत नव्हती, म्हणून ती त्या चावणाऱ्या जबड्याकडे बघत राहिली. चांगली मजबूत हनुवटी. तीच, जी तिने धरली होती.

दुसरं बिस्कीट भाचीने अर्ध्यावर ठेवलं.

"तशी बरी नाही लागत ही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, केवढं काय असेल."

भाचीने पुड्याचं तोंड दुमडलं.

"पाणी दे, मावशी."

पातीबाई उठली. पेला विसळला, भरला, आणि दोन्ही हातांनी आणून तिच्यासमोर ठेवला.